अर्धा ओंकारा

वर्षावासातल्या एका रविवारी पिंपळीच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन आटोपले आणि पोरांनी भिंतीला पांढरी चादर लावून ‘ओंकारा’ दाखवला. सिनेमातल्या शिव्या ऐकून म्हातारी माणसे मधूनच उठून गेली. त्यांना आम्ही दोष देत नाही. विहारात काय दाखवावे याचा विचार आधी करायला हवा होता, ती चूक आमचीच. पण सिनेमा संपल्यावर कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारले, “वकीलसाहेब, हा ओंकारा नक्की कोण? आपल्यातला का त्यांच्यातला?” या प्रश्नाचे उत्तर आम्हाला जागेवर देता आले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

विशाल भारद्वाज यांचा हा सिनेमा २८ जुलै २००६ रोजी प्रदर्शित झाला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या शोकांतिकेवर तो बेतलेला आहे. मराठी पांढरपेशांना शेक्सपिअर नवा नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी पुन्हा ‘ऑथेल्लो’च घेऊन ‘झुंजारराव’ लिहिले. या सर्वांच्या आधी, १८५५ साली, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राईझ कमिटीकडे दिले होते. कमिटीने ते नाकारले. व्हेनिसच्या सेनापतीचे दुःख इथल्या रंगभूमीला समजले, पण पत्रिकेच्या नावाखाली जोशाकडून लुबाडल्या जाणाऱ्या कुणब्याच्या बायकोचे दुःख समजले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या जोशाची आठवण आम्हाला भारद्वाजांच्याच ‘मकबूल’मुळे झाली. हा सिनेमा जानेवारी २००४ मध्ये आला. ‘मॅकबेथ’ची गोष्ट त्यांनी मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणली. मूळ नाटकातल्या तीन चेटकिणींच्या जागी त्यांनी दोन पोलीस अधिकारी उभे केले, एक पंडित आणि दुसरा पुरोहित. हे दोघे पत्रिका मांडतात, भविष्य सांगतात, चकमकीत माणसे मारतात, आणि कोणाला वर चढवायचे नि कोणाला पाडायचे याचा हिशेब ठेवतात. मरणारे आणि मारणारे बहुतेक मुसलमान, पण तराजू पंडित-पुरोहितांच्या हातात! दिग्दर्शकाने हे जाणून केले असेल किंवा गंमत म्हणून. काही असो, सत्तेचे खरे घर कोठे आहे हे त्या सिनेमात एका फटक्यात दिसते. इंग्रजी नाटक भारतात आणायचे तर राजाच्या जागी डॉन बसवला की काम झाले असे होत नाही. इथे सत्ता जातीतून चालते, ती जात कोठे ठेवायची हे आधी ठरवावे लागते.

‘ओंकारा’त नेमके इथेच पाऊल डळमळले.

मूळ ऑथेल्लो हा मूर, काळ्या वर्णाचा, व्हेनिसच्या गोऱ्यांच्या राज्याचा सेनापती. लढाईला तो हवा, पण मुलगी देण्यास नको. एका सरदाराची मुलगी डेस्डेमोना त्याच्याशी गुपचूप लग्न करते. बढती हुकलेला इयागो त्याच्या कानात विष ओततो, एका रुमालाचे निमित्त होते, आणि ऑथेल्लो स्वतःच्या निष्पाप बायकोचा जीव घेतो. भारद्वाजांनी व्हेनिसच्या जागी पश्चिम उत्तर प्रदेश घेतला, सेनापतीच्या जागी पुढाऱ्याचा बाहुबली, रुमालाच्या जागी कमरपट्टा. हे सर्व उत्तम जमले आहे. सैफ अली खानचा लंगडा त्यागी तर विसरता येत नाही. मग काळ्या वर्णाच्या जागी काय? इथे त्यांनी अर्धी जात घेतली. ओंकाराचा बाप ब्राह्मण, आई खालच्या जातीची. आडनाव शुक्ल. त्याला लोक आधा बामन म्हणून हिणवतात. बाकीची मंडळी मिश्रा, उपाध्याय, त्यागी. म्हणजे सगळा खेळ एकाच अंगणातला, फक्त नायकाच्या अंगावर आईकडून आलेला एक डाग!

कोणी म्हणेल, ब्राह्मण पुढाऱ्याच्या टोळीचा म्होरक्या दलित कसा असेल, ते वास्तवाला धरून नाही. वास्तवच पाहायचे तर २००६ पर्यंत मायावती त्या राज्याच्या तीनदा मुख्यमंत्री होऊन गेल्या होत्या, आणि सिनेमा येऊन वर्ष व्हायच्या आत, मे २००७ मध्ये, त्या स्वबळावर पूर्ण बहुमताने निवडून आल्या. निवडणुकीभोवती फिरणाऱ्या या सिनेमात त्या उलथापालथीची सावलीही नाही.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. ओंकारा पूर्ण दलित असता आणि संशयाने बायकोचा जीव घेता, तर आम्हीच पहिल्यांदा निषेधाचे निवेदन तहसीलदारांकडे दिले असते. दलित पुरुष म्हणजे तापट, बायकोला मारणारा, हे चित्र प्रस्थापितांनी आधीच रंगवून ठेवलेले आहे, त्यात भर कशाला? दिग्दर्शकाची अडचण खरी आहे. पण अडचणीतून वाट काढणारेही आहेत. मल्याळममध्ये जयराज यांनी १९९७ साली याच नाटकावर ‘कळियाट्टम’ केला. त्यातला नायक तेय्यम करणारा, अस्पृश्य मानलेल्या जातीचा कलावंत आहे. अंगात देव असेतोवर गावचे उच्चवर्णीय त्याच्यापुढे हात जोडतात, मुकुट उतरला की तो पुन्हा खालचा. ज्यांच्या घराण्यांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून पोतराजकी सोडली त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तो नायकही बायकोला मारतो, पण त्याच्या मनात संशय इतक्या लवकर का रुजतो हे आपल्याला कळते. जन्मभर ज्याला सांगितले गेले की तू आमच्या मुलीच्या लायकीचा नाहीस, त्याला शेवटी ते स्वतःलाच पटू लागते. या भूमिकेसाठी सुरेश गोपी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जयराज यांनाही दिग्दर्शनाचा मिळाला. पूर्ण जात दाखवली म्हणून सिनेमा बुडाला नाही.

वकील म्हणून आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट अधिक बोचली. मूळ नाटकाच्या पहिल्याच अंकात मुलीचा बाप मध्यरात्री राज्याच्या सभेपुढे फिर्याद घेऊन जातो: या मुराने चेटूक करून माझी मुलगी पळवली. व्हेनिसचा प्रमुख काय करतो? मुलीला बोलावतो, तिचे म्हणणे ऐकतो, आणि ती स्वखुशीने गेली हे कळताच बापाची फिर्याद संपते. हा प्रवेश वाचताना कोणाही फौजदारी वकिलाला आपले कोर्ट आठवेल. बाप पोलीस ठाण्यात जातो, आधी बेपत्ता, मग अपहरण. पूर्वी भारतीय दंड संहितेची ३६३ आणि ३६६ कलमे लागत, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची १३७ आणि ८७ लागतात. मुलीचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे होतो, पूर्वी कलम १६४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ खाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अठरा पूर्ण असली आणि ती ठाम राहिली, तर केस तिथेच ढासळते. ठाम राहू दिली तर!

‘ओंकारा’त ही फिर्याद भाईसाहेब नावाच्या पुढाऱ्यापुढे जाते. मुलीचा बाप स्वतः वकील, पण तोही कोर्टाची पायरी चढत नाही! आणि सिनेमा पडद्यावर येण्याच्या तीन आठवडे आधी, ७ जुलै २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्याच एका आंतरजातीय विवाहाच्या प्रकरणात नवऱ्याकडच्या लोकांवरचे खटले रद्द केले होते, असे विवाह राष्ट्रहिताचे आहेत असे म्हटले होते, आणि अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आदेश पोलिसांना दिले होते. बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधात जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे हे दाखवले आणि १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. न्यायालय तेथवर पोहोचायला सत्तर वर्षे लागली. सिनेमावाल्यांना तो निकाल माहीत असणे शक्य नव्हते हे खरे, पण कोर्टाची आठवणही होऊ नये?

मूळ नाटकाचा सांगाडा जसाच्या तसा उचलल्याचा हा परिणाम. शेक्सपिअरचा बाप मुलीच्या लग्नाच्या दुःखाने झुरून मरतो, आणि मुलीला मारतो तो नवरा. आमच्याकडे बाप झुरत नाही, भावांना पाठवतो. हे ज्याला कळले तो माणूस इंदापूरच्या पलीकडे, उजनीच्या पाण्यापल्याडच्या करमाळा तालुक्यातला. नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ (२०१६) करताना शेक्सपिअर समोर ठेवला होता की नाही हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. पाटलाची मुलगी, मासेमाऱ्याचा मुलगा, साखर कारखान्याचे राजकारण, आणि हैदराबादेत माहेरची भेट घेऊन आलेला भाऊ. त्यात कोणी कानात विष ओतणारा लंगडा नाही, कमरपट्टा नाही, गैरसमज नाही. सर्वांना सर्व स्वच्छ ठाऊक आहे, तरी खून होतो. हिंदीत त्याचा २०१८ मध्ये ‘धडक’ झाला तेव्हा जात पुन्हा इतकी पुसट केली गेली की मुलगा हॉटेलवाल्याचा एवढेच लक्षात राहते.

जात पुसट करण्याची ही सवय फक्त मुंबईच्या स्टुडिओत नाही. ‘ओंकारा’ येऊन दोन महिने झाले आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी झाली. एकाच कुटुंबातील चौघे मारले गेले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली आणि खून जातीतून नव्हे, सूडातून झाला हेच कायम ठेवले. खर्ड्याच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या २०१४ मधील खुनात तर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फिरले. सिनेमात जातीऐवजी मत्सर येतो, निकालपत्रात जातीऐवजी वैर येते. सिनेमात तसे केले तर एक कलाकृती उणी पडते. निकालपत्रात केले तर ॲट्रॉसिटीचे कलम गळते, आणि त्याबरोबर पीडितांचे पुनर्वसन, साक्षीदारांचे संरक्षण, सगळेच लटपटते.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी सांगितले, ओंकारा अर्धा त्यांच्यातला, आणि उरलेल्या अर्ध्याचे दिग्दर्शकाने काय केले ते त्यालाच विचार. ती हसली. मग चपला घालता घालता तिने विचारले, “विशेष विवाह कायद्याच्या नोटिशीला किती दिवस लागतात?”

“तीस.”

“बोर्डावर लावतात का?”

“लावतात.”

“मग घरी कळणारच की, वकीलसाहेब.”