'नंतर करू' म्हणता म्हणता दुकानाचं कुलूप उघडं राहतं



काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर अपडेटचा मेसेज येतो आणि आपला हात आपोआप 'नंतर' या बटनावर जातो. समोर गिऱ्हाईक उभं असतं, बिल काढायचं असतं. त्या क्षणी ते बरोबरच आहे. अडचण एवढीच, की हे 'नंतर' कधी येतच नाही.

माझं मत सरळ आहे. ज्या कॉम्प्युटरवर तुमचं बिलिंग, स्टॉक, उधारी आणि बँक चालते, त्याचं अपडेट बघणं हे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं काम नाही, ते मालकाचं काम आहे. दरवर्षी वजनकाट्याचं स्टॅम्पिंग करून घेता ना? तसंच हे.

'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?'

बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. मशीन जुनं झालं की आवाज करतं, गरम होतं, आपल्याला कळतं. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. त्यातलं भोक दिसत नाही, पण चोराला ते माहीत असतं. आणि कंपनीने अपडेट काढलं, की नेमका दोष कुठे होता हे जगजाहीर होतं. म्हणजे अपडेट येऊन पडलंय आणि तुम्ही ते टाकलं नाही, तर धोका आधीपेक्षा वाढतो.

२०१७ चं उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधला एक दोष बुजवणारं अपडेट १४ मार्चला काढलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस त्याच दोषातून जगभर पसरला. फाइल्स कुलूपबंद करायचा आणि सोडवायला ३०० डॉलर मागायचा. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर अडकले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. औषध जवळपास दोन महिने आधीच आलेलं होतं, आणि तेही फुकट. फक्त ते घेतलं नव्हतं.

आपल्या दुकानात रुग्णालय नाही. पण सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी एका फाइलमध्ये असेल आणि ती उघडेनाशी झाली, तर वसुली कशाच्या जोरावर करणार? गिऱ्हाईक म्हणेल, 'दाखवा की हिशोब.'

'सगळं टाकून देतो' वाला कॉम्प्युटर

नवीन धंदा सुरू करताना बरेच जण असेंबल्ड पीसी घेतात. देणारा म्हणतो, 'विंडोज, ऑफिस, अकाउंटिंग सगळं टाकून देतो, वेगळे पैसे नाहीत.' आणि जाता जाता सांगतो, 'अपडेट बंद करून ठेवलंय, चालू करू नका.' तो असं का सांगतो? कारण क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर अपडेट झालं की बंद पडण्याची भीती असते. म्हणजे तुम्हाला स्वस्तात मिळालं ते कायमचं उघडं दार. शिवाय ते क्रॅक कुणी बनवलं आणि त्यात आणखी काय घातलं, कुणालाच माहीत नाही. भांडवल कमी असेल तर सेकंड हॅण्ड मशीन घ्या, पण लायसन्स असलेली विंडोज घ्या. हा खर्च पहिल्या दिवशीच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरा.

विंडोज १० वाल्यांनी नीट वाचा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, म्हणून लक्षात येत नाही. पुढची सुरक्षा अपडेट्स हवी असतील तर त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तीही मर्यादित काळासाठीच असते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि मग 'अबाऊट' उघडा, तुमची आवृत्ती दिसेल. मशीन विंडोज ११ ला चालतं का ते तपासा. चालत असेल तर अपग्रेडला पैसे लागत नाहीत. चालत नसेल तर बदलीची तारीख आणि बजेट आत्ताच ठरवा. दिवाळीच्या गर्दीत ठरवावं लागलं तर महागात पडेल.

'पण अपडेटनेच बिघडतं ना?'

कधी कधी हो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुकानातही अपडेटनंतर प्रिंटर रुसतो, हे मी नाकारत नाही. पण प्रिंटर दुरुस्त होतो. कुलूपबंद झालेला डेटा बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून अपडेट टाळायचं नाही, त्याची वेळ आपण ठरवायची.

माझी पद्धत

मायक्रोसॉफ्टची मुख्य अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यानंतरचा तुमच्या दुकानाचा जो सुट्टीचा दिवस, तो अपडेटचा दिवस.

१. आधी बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. लावून ठेवली तर व्हायरस तिलाही कुलूप घालतो.

२. मग विंडोज, ब्राउझर, बिलिंग सॉफ्टवेअर, अँटीव्हायरस या क्रमाने. काउंटरवरचा मोबाईलही विसरू नका, पेमेंट त्यावरच येतं.

३. रीस्टार्ट करून एक टेस्ट बिल छापा. प्रिंटर, बारकोड स्कॅनर चालतोय का बघा.

४. वहीत तारीख लिहा.

रोजच्या दिवसांसाठी विंडोज अपडेटमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' म्हणून दुकानाची वेळ टाका, म्हणजे गर्दीत मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही. आणि एखाद्या वेबसाइटवर 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करा' असं आलं तर क्लिक करायचं नाही. अपडेट नेहमी त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच करायचं.

पहिल्यांदा अर्धा दिवस जाईल, पुढे तासाभरात उरकतं. महिन्यातला हा एक तास कामगाराच्या पगाराइतकाच पक्का धरा. शटर ओढल्यावर कुलूप दोनदा ओढून बघणारे आपण, कॉम्प्युटरच्या बाबतीत एकदा तरी बघूया.