मुलाची बैठक केव्हां बदलावी?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली कीं पुण्या-मुंबईच्या गाड्या मुदाळ तिट्टा ओलांडून गारगोटीच्या गल्ल्यांत येऊं लागतात. गाडीच्या मागील बाजूस लहानग्यासाठीं पट्ट्यांचें एक निराळें आसन बसविलेलें असतें, आणि पहिल्याच दिवशीं माजघरांत चर्चा सुरू होते कीं, एवढें मोठें झालेलें मूल त्यांत कशाला कोंबावयाचें? आजीच्या मतें त्यास मांडीवर घ्यावें, काकांच्या मतें मोठ्यांचा पट्टा पुरे. आणि त्यास बूस्टर नांवाच्या उंच बैठकीवर न्यावें किंवा नाहीं, हें सूनबाईस ठरवावयाचें असतें. या शेवटच्या प्रश्नाविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मांडीचा प्रश्न आधीं निकालांत काढूं. ताशीं 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून एक-दशांश सेकंदांत थांबली, तर 10 किलोंच्या मुलास धरून ठेवण्यास सुमारे 140 किलो ओझें पेलण्याइतकें बळ लागतें. तें कोणत्याही आजीच्या हातांत नाहीं, आणि काकांच्याही नाहीं.

आतां कायदा. 2019 सालीं मोटार वाहन कायद्यांत जी सुधारणा झाली, तींतील 194-ब या कलमान्वयें चौदा वर्षांखालील मूल सुरक्षा-पट्ट्यानें किंवा बालकांसाठीं योजिलेल्या आसनानें बांधलेलें नसल्यास 1000 रुपये दंड आहे. यांतील 'किंवा' हा शब्द वाचकांनीं नीट पाहावा. पट्टा केव्हां आणि आसन केव्हां, हें तें कलम सांगत नाहीं. तो निवाडा घरच्यांवर येऊन पडतो.

तीन ठिकाणीं अडकणारा पट्टा 1959 सालीं स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनींत निल्स बोलिन यांनीं सिद्ध केला, तो प्रौढ माणसाच्या अंगासाठीं. प्रौढाच्या कमरेच्या हाडास पुढील बाजूस दोन उंचवटे असतात व पट्ट्याचा खालचा भाग त्यांखालीं अडकून राहतो. मुलाचे हे उंचवटे पुरते वाढलेले नसतात. त्यामुळें पट्टा सरकून मऊ पोटावर येतो, वरचा भाग मानेस घासतो, आणि धक्का बसला म्हणजे आंतडीं व पाठीचा कणा यांस इजा होते. 1978 सालीं त्याच कंपनीनें मुलास उंच करणारी बैठक काढली. ती मुलास बांधीत नाहीं. पट्टा योग्य हाडांवर यावा एवढ्यापुरतें त्यास उचलते. म्हणून बूस्टर ही जुन्या आसनाहून वरची इयत्ता आहे अशी जी समजूत दिसते, ती उलटी आहे. तेथें आधार कमीच होतो. 'आमचा बाळ्या आतां मोठा झाला' या कौतुकापायीं ती घाई करूं नये.

आपल्या घरांत पात्रता वर्षांनीं मोजण्याची संवय आहे. मौंजीस आठवें वर्ष, हें सर्वांस ठाऊक. परंतु ज्या काळीं खेड्यांत जन्मतारखेचा दाखला मिळत नसे, त्या काळीं मास्तर मुलास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. हात पोंचला कीं नांव पटावर. येथेंही त्याच जातीची परीक्षा हवी. आसनावर वजनाची व उंचीची मर्यादा छापलेली असते. वजन तेथवर पोंचलें, किंवा खांदे सर्वांत वरच्या पट्ट्याच्या खांचेच्याही वर गेले, म्हणजे तें आसन संपलें. तोंपर्यंत मूल तेथेंच बसूं द्यावें. चार वर्षांच्या आंत तर बूस्टरचा विचारच नको.

दुसरी परीक्षा स्वभावाची, आणि आम्हांस तीच अधिक कठीण वाटते. पट्टा बगलेखालीं न घालतां, पुढें न वाकतां, कोल्हापूर ते गारगोटी हे सुमारे 50 किलोमीटर मूल नीट बसूं शकतें काय? पहिलीं दहा मिनिटें सर्वच मुलें शहाणीं असतात. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या हंगामांत उंसाच्या ट्रॉल्यांमागें गाडी रेंगाळूं लागली, डुलकी येऊं लागली, म्हणजे खरें कळतें. झोपेंत मूल कलतें, यासाठीं पाठ व डोक्याच्या दोन्ही बाजूंस आधार असलेली बैठकच घ्यावी. पाठ नसलेली, पाटासारखी बैठक स्वस्त पडते खरी. पण युरोपांतील नियमांप्रमाणें 2017 पासून तशा नव्या बैठकींस 125 सेंटिमीटरहून उंच व 22 किलोंहून जड मुलांपुरतीच मान्यता मिळते. घरांतील लोड किंवा उशी तर मुळींच नको. ती दबते, सटकते, आणि मूल पट्ट्याखालून घसरतें. जेथें कमरेपुरताच पट्टा आहे, त्या जागींही बूस्टर चालत नाहीं.

बूस्टर सोडावयाचें तें सामान्यतः 145 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट नऊ इंच उंची झाल्यावर. ही बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षीं येते. ब्रिटनांत ही मर्यादा 135 सेंटिमीटर किंवा बारा वर्षें आहे, जर्मनींत 150 किंवा बारा वर्षें. आंकडे निरनिराळे असले तरी मुलाकडे पाहून कळतें: पाठ टेकलेली असतां गुडघे बैठकीच्या कडेवर मुडपावे, खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशीं व वरचा खांद्याच्या मध्यावर यावा. एका गाडींत उत्तीर्ण झालेलें मूल दुसऱ्या गाडींत नापास होऊं शकतें, म्हणून भाड्याच्या गाडींत पुन्हां पाहावें.

इतकें असूनही घरोघरीं विरोध होतो, त्याचें खरें कारण आम्हांस निराळेंच दिसतें. आसनानें एक जागा अडते, आणि आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनास सात-आठ जणांना एकाच गाडींतून जातां येत नाहीं. वडीलधाऱ्यांस बसवून मुलाची बैठक डिकींत टाकण्यांत वडिलांचा मान आहे असें आम्हांस वाटत नाहीं. अशा वेळीं ज्येष्ठांनीं खुशाल एस. टी. नें जावें. पासष्टीनंतर तिकीट अर्धें पडतें, 2022 पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांस तेंही पडत नाहीं, आणि स्त्रियांस 2023 पासून कोणत्याही वयांत अर्धेंच लागतें.