विश्लेषण : पुस्तकात मृत, पडद्यावर जिवंत... कॅप्टन जेनवेच्या कादंबरीवरून वाचक का विभागले?

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानमालिकेच्या विश्वातील कॅप्टन कॅथरिन जेनवे हे गाजलेले पात्र २००७ मध्ये मारले गेले, तेही पडद्यावर नव्हे, तर पुस्तकात. पीटर डेव्हिड यांच्या ‘बिफोर डिसऑनर’ या कादंबरीने काही वाचकांना खिळवून ठेवले, तर काहींनी ती संतापाने बाजूला ठेवली. या कादंबरीचा विषय निघाला की आजही हे दोन गट दिसतात. एका काल्पनिक पात्राच्या मृत्यूचे इतके काय, आणि वाचकांच्या आक्षेपात तथ्य किती, याचा हा आढावा.

टाय-इन कादंबरी म्हणजे काय?

मराठीत सहसा पुस्तक आधी येते आणि मालिका नंतर. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव किंवा ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या पुस्तकातून छोट्या पडद्यावर आले. टाय-इन कादंबरीचा प्रवास याच्या उलटा असतो. मालिका लोकप्रिय झाल्यावर तिच्यातील पात्रे घेऊन, मालिकेच्या मालकांच्या परवान्याने नव्या कथा लिहिल्या जातात. पात्रे लेखकाची नसतात. कथानकाला आधी मंजुरी घ्यावी लागते आणि एकाच कथासूत्रातील पुढचे पुस्तक दुसराच लेखक लिहितो, असेही घडते.

‘स्टार ट्रेक’च्या बाबतीत ही परंपरा जुनी आहे. जेम्स ब्लिश यांची ‘स्पॉक मस्ट डाय!’ १९७० मध्ये आली आणि १९७९ पासून पॉकेट बुक्सने या कादंबऱ्यांचा रतीबच घातला. मात्र एक अलिखित नियम होता. कादंबरीच्या शेवटी सगळे पूर्ववत झाले पाहिजे. पडद्यावर जे दिसते तेच अधिकृत आणि पुस्तकांनी त्याला धक्का लावायचा नाही.

मग हा नियम कसा मोडला?

पडदा रिकामा झाल्यामुळे. ‘व्हॉयेजर’ ही जेनवेची मालिका १९९५ ते २००१ अशी सात हंगाम चालली. २००२ च्या ‘नेमेसिस’ चित्रपटात ती अ‍ॅडमिरल म्हणून ओझरती दिसली. २००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ मालिका संपली आणि त्यानंतर थेट २०१७ पर्यंत ‘स्टार ट्रेक’ची एकही नवी मालिका आली नाही. २००९ चा चित्रपट आला, पण त्याने वेगळाच कालप्रवाह निवडला. त्यामुळे ‘नेमेसिस’नंतर काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी कादंबऱ्यांवर आली. पात्रांची लग्ने, बढत्या, मृत्यू असे सगळे पुस्तकांत घडू लागले. ‘बिफोर डिसऑनर’ ही याच मोकळीकीच्या काळातील कादंबरी.

कादंबरीत नेमके काय घडते?

‘बोर्ग’ ही अर्धी सजीव, अर्धी यंत्रवत जमात. जो हाती लागेल त्याला ती आपल्यात सामावून घेते आणि त्याची स्वतंत्र ओळख पुसते. आधीच्या कादंबरीत पराभूत झालेले त्यांचे एक यान पाहण्यासाठी जेनवे जाते. पूर्वी स्वतः बोर्ग असलेली तिची सहकारी सेव्हन ऑफ नाइन धोक्याची जाणीव करून देते, पण जेनवे ऐकत नाही. बोर्ग तिला गिळंकृत करतात आणि आपली राणी बनवतात. ते यान पृथ्वीकडे निघते आणि वाटेत प्लूटोच गिळते. त्याचे ग्रहपद खगोलशास्त्रज्ञांनी आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, काढून घेतले होते. पुढे कॅप्टन पिकार्ड, सेव्हन आणि स्पॉक मिळून संकट परतवतात. यान नष्ट होते आणि त्यासोबत जेनवेही.

यात एक बाब महत्त्वाची आहे. ‘बिफोर डिसऑनर’ ‘व्हॉयेजर’च्या नव्हे, तर पिकार्डच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेतील कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली.

कादंबरी आवडलेल्यांचे म्हणणे काय?

पहिला मुद्दा वेगाचा. पीटर डेव्हिड हे या क्षेत्रातील वाचकप्रिय नाव. त्यांची १९९२ ची ‘इमझादी’ आजही आवडत्या टाय-इन कादंबऱ्यांत गणली जाते. विनोद, चुरचुरीत संवाद आणि धडाकेबाज प्रसंग ही त्यांची हातोटी येथेही दिसते. स्पॉक आणि सेव्हन एकाच मोहिमेवर, ही जोडी तर पडद्यावर कधी पाहायलाच मिळाली नव्हती.

दुसरा मुद्दा जोखमीचा. कोणीच मरणार नाही, हे ठाऊक असेल तर साहसकथेत धाकधूक कसली? वर्षानुवर्षे शेवटच्या पानावर सगळे जैसे थे होणाऱ्या कादंबऱ्या वाचून कंटाळलेल्यांना येथे प्रथमच खरा धोका जाणवला. शिवाय जेनवे हटवादी आहे, धोका पत्करते, हे मालिकेतच दाखवले आहे. तिचा अंत तिच्या स्वभावातून आला, असे या वाचकांचे म्हणणे.

विरोधकांचा आक्षेप केवळ भावनिक आहे?

नाही. त्यांचा एक आक्षेप निव्वळ कलाकुसरीचा आहे. आधीच्या पुस्तकातून आलेली काही नवी पात्रे येथे अचानक वेगळी वागतात आणि पिकार्डविरुद्ध बंडावर उतरतात. लेखक बदलला की स्वभाव बदलतो, हा टाय-इन मालिकांचा जुनाच दोष. दुसरा आक्षेप पुनरावृत्तीचा. ‘व्हॉयेजर’च्या २००१ मधील अखेरच्या भागात भविष्यातून आलेली वृद्ध जेनवे बोर्गच्या तावडीत सापडून, त्यांचा घात करत मरतेच. तेच पुन्हा कशाला?

सर्वांत जोरकस आक्षेप मात्र तिसरा. जेनवे तिच्या स्वतःच्या कथेत मरत नाही, ती पिकार्डच्या कथेत मरते. ज्या सहकाऱ्यांना घेऊन ती सत्तर हजार प्रकाशवर्षांवरून घरी परतली, त्यांतील बहुतेकांना या पुस्तकात फारसे स्थान नाही. ज्यांनी सात हंगाम तिच्यासोबत काढले, त्या वाचकांना तिच्या निरोपाला पाहुण्यासारखे उभे राहावे लागले.

याला प्रत्युत्तर दिले जाते ते कॅप्टन कर्कचे. १९९४ च्या ‘जनरेशन्स’ चित्रपटात कर्कही पिकार्डच्याच कथेत मेला, मग जेनवेलाच वेगळा न्याय का? परंतु हे उदाहरण उलट आक्षेपाला बळ देते. कर्कचे चाहतेही त्या मृत्यूवर नाराज होते आणि दोनच वर्षांनी कर्क साकारणाऱ्या विल्यम शॅटनर यांनीच ‘द रिटर्न’ या सहलिखित कादंबरीत त्याला जिवंत केले. शिवाय कर्क त्या चित्रपटात पिकार्डच्या खांद्याला खांदा लावून लढतो. जेनवे बराच काळ शत्रूचे शस्त्र बनून राहते.

एका पात्रासाठी एवढा जीव का तुटतो?

कारण ‘स्टार ट्रेक’च्या मालिकांत मुख्य कॅप्टन म्हणून आलेली जेनवे ही पहिली स्त्री. ती मुळात शास्त्रज्ञ आहे. अडचण आली की बंदुकीआधी ती तर्काकडे वळते, आणि कॉफीवाचून तिचे पान हलत नाही. २०१५ मध्ये इटलीच्या अंतराळवीर सामंथा क्रिस्टोफोरेट्टी यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ‘व्हॉयेजर’चा गणवेश चढवून छायाचित्र काढले. स्थानकासाठी कॉफीयंत्र घेऊन येणाऱ्या यानाचे स्वागत त्यांनी जेनवेच्याच एका कॉफीवरील संवादाने केले होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन हे जेनवेचे काल्पनिक जन्मगाव. तेथे २०२० मध्ये तिचा अर्धपुतळा उभारण्यात आला.

कथेतील माणसाचा पुतळा उभा राहतो, तेव्हा ते पात्र परवान्याच्या कागदापुरते उरलेले नसते. दुसऱ्या कोणाच्या शौर्याला धार यावी म्हणून तिला संपवले, ही बोच त्यामुळेच खोल गेली. त्या रागाला चाहत्यांचा बालिशपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पुढे तिचे काय झाले?

२००९ मध्ये कर्स्टन बायर यांची ‘फुल सर्कल’ आली. जेनवेच्या मृत्यूने तिचे सहकारी, विशेषतः चकोटे, कसे कोलमडतात हे त्यांनी सावकाश, तपशिलात मांडले. ‘बिफोर डिसऑनर’वर चिडलेल्या अनेकांना ही कादंबरी भावली. म्हणजे या वाचकांचे भांडण मृत्यूशी नव्हते, शोकाला जागाच न देण्याशी होते.

२०१२ मध्ये बायर यांनीच ‘द इटर्नल टाइड’मध्ये जेनवेला परत आणले आणि वाद नव्याने पेटला. काहींना न्याय झाल्याचे समाधान वाटले. ज्यांनी तीन वर्षे तो शोक मनापासून वाचला होता, त्यांच्यापैकी काहींना मात्र फसवणूक झाल्यासारखे वाटले. मृत्यू परत घेता येत असेल, तर त्यावर लिहिलेली पाने कशासाठी होती?

शेवटी पडद्याने पुस्तकांचा हिशेबच मिटवला. २०२० मध्ये ‘पिकार्ड’ मालिका आली आणि तिने कादंबऱ्यांत घडलेले बरेच काही अमान्य ठरवले. तिच्या निर्मात्यांपैकी एक होत्या कर्स्टन बायर. २०२१ मध्ये ‘कोडा’ या तीन कादंबऱ्यांच्या संचाने पुस्तकांचे ते विश्व रीतसर संपवले. त्याच वर्षी आलेल्या ‘प्रॉडिजी’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत जेनवे धडधाकट दिसली, केट मलग्रू यांच्याच आवाजात. कादंबरीतील मृत्यूनंतरचा काळ, आणि मृत्यूची खूणही नाही. कर्क पडद्यावर मेला आणि पुस्तकात जगला, जेनवेचे नेमके उलटे झाले.

मग बरोबर कोण?

दोन्ही गट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. पुस्तक रंजक आहे का, या प्रश्नाला समर्थकांचे उत्तर बऱ्याच अंशी पटते. एका बैठकीत संपणारी, धाडसी कल्पनांची ही कादंबरी आहे. पण पात्राला न्याय मिळाला का, या प्रश्नावर विरोधकांचे पारडे जड आहे. पात्राला मारण्याचा हक्क परवान्यासोबत मिळतो. मात्र त्या पात्राच्या माणसांना निरोपाची संधी देणे ही लेखक, संपादक आणि परवाना देणाऱ्यांची सामायिक जबाबदारी आहे. ती ‘बिफोर डिसऑनर’ने टाळली आणि दीड वर्षाने दुसऱ्या लेखिकेला पार पाडावी लागली.

सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यावरून नाहीसे केले आणि दहा वर्षांनी परत आणले. तेथे पात्र लेखकाचे स्वतःचे होते. टाय-इन कादंबरीत पात्र उसने असते, आणि उसनी वस्तू वापरताना हात थोडा जपून ठेवावा लागतो. आज नवा वाचक ही कादंबरी हाती घेईल तर त्याने ‘बिफोर डिसऑनर’पाठोपाठ ‘फुल सर्कल’ही वाचावी. पहिल्या पुस्तकात काय राहून गेले आणि जुने वाचक कशावरून रागावले होते, हे दुसरे वाचताना आपोआप कळते.