ताप उतरला, सांधे मात्र धरूनच बसले

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाने घरोघरी मुक्काम ठोकला होता. त्यानंतर आम्ही जिथे नमाज पढतो त्या मशिदीत मागच्या सफमध्ये खुर्च्या वाढल्या. त्यांवर फक्त बुजुर्ग नव्हते, तीस-पस्तिशीचे लोकही होते. गुडघा वाकत नाही, मनगटावर भार देऊन सजद्यातून उठता येत नाही, ही त्यांची तक्रार. ताप तर चार-पाच दिवसांतच गेला होता.

या आजाराच्या नावातच त्याची खूण आहे. १९५२-५३ च्या साथीत टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या बोलीतून हा शब्द आला, अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. महाराष्ट्राची ओळखही जुनी आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली होती. मग हा विषाणू तीसेक वर्षं जवळपास गायब राहिला आणि २००५-०६ मध्ये नव्या वंशाने परतला. २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले.

विषाणू गेला तरी दुखणं का राहतं, हा प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्र आणि वेदना-उपचार या दोन्ही शाखांना आजही छळतो. काहींच्या मते विषाणूचे अवशेष सांध्यातल्या पेशींत दडून राहतात. काहींच्या मते शरीराची प्रतिकारशक्तीच शांत व्हायला तयार नसते. बरेच महिने उलटलेल्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात संशोधकांना जिवंत विषाणू मिळाला नाही, म्हणून दुसरी बाजू जरा जड वाटते. एक गोष्ट मात्र नक्की: अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, ते जिवाणूंवर चालतं. तरी आपल्याकडे तापाच्या पहिल्या दिवशीच पाकीट फाडलं जातं!

मलेरियाची क्लोरोक्विन गोळी या सांधेदुखीवर चालेल, असा बराच काळ समज होता. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तिची तुलना साध्या वेदनाशामकाशी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सुरुवातीच्या काळात क्लोरोक्विनचा जास्तीचा फायदा दिसला नाही. बातमीत न येणारं असं संशोधनच घरातल्या अम्मी-अब्बांच्या कामाचं असतं.

मग करायचं काय? तापात आधी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांना हात लावू नये. दोन्ही आजार एकाच डासाने पसरतात, सुरुवातीला दिसतातही सारखेच, आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पहिल्या आठवड्यात पीसीआर तपासणी कामाची, पाच-सहा दिवसांनंतर रक्तातली अँटिबॉडी बघतात. दुखणं तीन महिन्यांपुढे गेलं तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जावं. तिथे गरजेनुसार मेथोट्रेक्सेटसारखी औषधं देतात, ती वारंवार रक्त तपासतच घ्यावी लागतात. हलका व्यायाम, शेक आणि फिजिओथेरपीही चालू राहते.

आमच्या ओळखीतल्या एका खालाजानला कोणीतरी कागदात बांधलेल्या पुड्या दिल्या होत्या. दोन दिवसांत उभ्या राहून नमाज पढू लागल्या, घरात सगळे खूश. महिन्याभराने चेहरा सुजला, साखर वाढली. पुडीत स्टेरॉइड असल्याचा डॉक्टरांचा अंदाज होता. आणि अशा गोळ्या एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी कराव्या लागल्या. म्हणून विचारा, औषधाचं नाव काय? नाव लिहून देत नसतील तर पुडी तिथेच ठेवून या.

लसीबद्दल पालक विचारतात. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली लस मंजूर झाली, पण गंभीर दुष्परिणामांमुळे ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे तिचा परवाना स्थगित केला गेला. त्यामुळे सध्या तरी नजर डासावरच ठेवावी लागणार. हा एडिस डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे त्याचं घर म्हणजे कूलर. त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. पाणी नुसतं ओतून दिल्याने ती जात नाहीत. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून ब्रशने घासावी लागते, आणि पावसाळ्यात कूलर गच्चीवर टाकताना तर आधी हेच करावं लागतं.