क्रीडांगण : शेवटच्या सामन्याचे गणित

फुटबॉलचा हंगाम संपत आला, की ज्या घरी या खेळाचा एखादा तरी भोक्ता असेल त्या घरी कागद-पेन्सिल बाहेर निघते. आपला संघ बाद फेरीत जाणार की नाही, याचे हिशेब सुरू होतात. ‘आपण जिंकलो, ते हरले आणि तिसऱ्यांची बरोबरी झाली, तर...’ अशी ती भाषा असते. ज्यांना खेळाची गोडी नाही, अशा घरच्या मंडळींना हा सारा पोरखेळ वाटतो. परंतु वाचकहो, या जर-तरच्या हिशेबात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीग स्पर्धेने त्याचे एक उत्तम उदाहरण आपल्यापुढे ठेवले आहे.

प्रथम त्या हंगामाचा नियम समजून घेऊ. स्पर्धेत तेरा संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २४ साखळी सामने येत. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला शून्य. पहिले दोन संघ थेट उपान्त्य फेरीत जात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ प्रत्येकी एक सामना खेळून उरलेल्या दोन जागा मिळवीत. सातव्या संघाला मात्र घरी परतावे लागे. सहावा आणि सातवा यांत अंतर एकाच पायरीचे; पण एकाचा हंगाम चालू राहतो, दुसऱ्याचा संपतो.

मार्च २०२५ मध्ये या पायरीवर दोन संघ उभे होते, मुंबई सिटी आणि ओडिशा. मुंबईचा संघ काही दुबळा नव्हे. आदल्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, कोलकात्यात अंतिम सामन्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून त्याने करंडक जिंकला होता. तोच विजेता संघ आता सहाव्या जागेसाठी झगडत होता. ओडिशाने आपल्या अखेरच्या सामन्यात जमशेदपूरला ३-२ असे नमविले आणि ३३ गुणांवर हंगाम पुरा केला. मुंबईचा संघ ७ मार्च रोजी कोची येथे केरळकडून एका गोलाने पराभूत झाला. त्याचेही गुण ३३ च होते. सामना मात्र एक उरला होता, ११ मार्चचा, बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर.

आता परिस्थिती पाहा. मुंबईला बरोबरी पुरेशी होती; हरल्यास ती जागा ओडिशाची. म्हणजे एका संघाचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या पायांत होते आणि दुसऱ्याचे परक्यांच्या. ओडिशाच्या खेळाडूंना त्या दिवशी काहीही करता येण्यासारखे नव्हते. बंगळूरचा विजय व्हावा, एवढीच इच्छा ते करू शकत होते. हंगामाच्या शेवटी संघाच्या वाट्याला येणाऱ्या अवस्थांत ही सर्वांत कठीण होय.

मुंबईने तो सामना २-० असा जिंकला. लालियनझुआला छांगटे आणि ग्रीक खेळाडू निकोलाओस कॅरेलिस यांनी पूर्वार्धातच गोल केले. मुंबईचे ३६ गुण झाले आणि सहावी जागा निश्चित झाली.

पण ही जागा त्या एकाच संध्याकाळी मिळाली, असे समजणे बरोबर होणार नाही. गुणतक्ता पुन्हा उघडून पाहू. दोन्ही संघांनी प्रत्येकी नऊ सामने बरोबरीत सोडविले होते. मुंबईने त्यांपैकी एक जरी जिंकला असता, तरी बंगळूरला जाण्यापूर्वीच ३५ गुण होऊन तिची काळजी मिटली असती. ओडिशाने दोन जिंकले असते, तर ३७ गुण होऊन मुंबईच्या शेवटच्या विजयाचाही काही उपयोग झाला नसता. त्या बरोबऱ्या झाल्या तेव्हा त्यांचे कोणाला विशेष वाटलेही नसेल.

याउलट, बरोबरी ही नेहमीच तोट्याची असते असेही नाही. १३ सप्टेंबर २०२४ रोजी, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, मुंबईचा संघ कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध दोन गोलांनी मागे पडला होता. तेथून त्याने सामना २-२ असा सोडविला. त्या दिवशी मिळालेला एक गुण नसता, तर मार्चमध्ये मुंबईला ‘बरोबरी पुरे’ असे म्हणताच आले नसते. सहा महिन्यांपूर्वी हट्टाने राखलेला तो एक गुण अडचणीच्या वेळी असा उपयोगी पडला. गृहिणीने डब्यात बाजूला टाकलेले पैसे महिनाअखेरीस जसे कामी येतात, तसेच हे आहे.

पुढचा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. १८ दिवसांनी, २९ मार्च रोजी, त्याच कांतीरवा मैदानावर बाद फेरीत मुंबईची गाठ पुन्हा बंगळूरशीच पडली. आणि या वेळी बंगळूरने ५-० असा दणदणीत विजय मिळविला. साखळीत बंगळूर तिसरा होता आणि त्याचे गुण ३८, मुंबईपेक्षा केवळ दोन अधिक. पण त्या दोन गुणांनीच सामना कोणाच्या अंगणात व्हायचा हे ठरविले होते. बाद फेरीत प्रवेश मिळणे म्हणजे दार उघडणे. आत गेल्यावर मागचे गुण कोणी विचारीत नाही.

नोकरीधंद्यानिमित्त बंगळूर, जमशेदपूर वा भुवनेश्वर येथे राहणाऱ्या आपल्या मराठी वाचकांच्या घरी त्या महिन्यात वडील एका संघाचे आणि मुले दुसऱ्याच संघाची, असे घडले असल्यास नवल नाही. त्यात वाईट काहीच नाही. मुलांना मात्र एवढे अवश्य सांगावे, की गुणतक्ता मार्चमध्ये नव्हे, सप्टेंबरपासून वाचावयास घ्या. पहिल्या आठवड्यातला एकेक गुण वहीत मांडून ठेवा. हंगामाच्या शेवटी ‘आता काय होणार?’ असा प्रश्न पडेल, तेव्हा त्याचे निम्मे उत्तर त्या वहीत आधीच लिहिलेले आढळेल.