प्रकल्प विकत घेऊ नका, नळाखाली बादली ठेवा

परीक्षा जवळ आल्या की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत प्रकल्पांचा हंगाम सुरू होतो. 'जलप्रदूषण', 'पाणी वाचवा', 'ग्लोबल वॉर्मिंग'. प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सगळे छापून तयार, मुलाने फक्त नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात सांगितले. त्याची ही अशी अंमलबजावणी!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नोकरीसाठी आलेल्या मुलांच्या मुलाखती घेतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणलेला मुलगा एका प्रश्नात उघडा पडतो: "हा आकडा कुठून आणलास?" ही सवय काही कॉलेजात लागलेली नसते. आठवीत तयार फाइलला पूर्ण गुण मिळाले, तिथेच ती लागली.

आपल्या मोहल्ल्यांना ही सवय जास्त महागात पडते. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा, राज्यातल्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा. आजही प्रत्येक सभेत आपण तेच आकडे वाचून दाखवतो. आपल्याच वॉर्डातला एखादा आकडा कोणी विचारला, की सगळे एकमेकांकडे बघतात.

"आमच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही, संशोधन कसले करणार?" असे काही शिक्षक म्हणतात. सर, गल्लीत नळ आहे ना? मग झाले.

'पाणीटंचाई' हा प्रश्न नव्हे, ते निबंधाचे शीर्षक आहे. 'आमच्या गल्लीत माणशी रोज किती लिटर पाणी येते आणि ते कोण भरते?' हा प्रश्न, कारण तो मोजता येतो. दहा लिटरची बादली नळाखाली ठेवा, मोबाइलवर वेळ लावा. ५० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १२ लिटर. नळ अर्धा तास चालला तर ३६० लिटर, घरात सहा माणसे असतील तर माणशी ६०. पाणी एक दिवसाआड येत असेल तर ३०. नळजोडणी आणि मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेतले प्रमाण माणशी रोज १३५ लिटरचे आहे. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलीला हे जमेल.

अवघड भाग पुढेच आहे, आणि शिक्षकांची खरी गरज तिथे लागते. फक्त मैत्रिणींची घरे मोजली तर हिशोब खोटा ठरेल, म्हणून गल्लीच्या टोकापासून दर तिसरे घर घ्यायचे. एका दिवसाच्या मोजणीवर भागत नाही, निदान दोन आठवडे हवेत. त्याआधी दोन-तीन घरांत चाचणी घ्यायची, म्हणजे तक्त्यात कोणता रकाना राहिला ते कळते. (बहुधा 'मोटार लावली आहे का?' हाच राहतो.) कोणाचे नाव लिहायचे नाही, घराला क्रमांक द्यायचा. एखाद्या दिवशी मोजायचे राहिले तर रकाना कोराच ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. वही पेनाने लिहायची, चुकले तर एक रेघ मारून बाजूला नवा आकडा. खाडाखोड असलेली वही बघून गुण कापणाऱ्या शिक्षकांना संशोधन म्हणजे काय ते समजलेलेच नाही.

शेवटचा रकाना 'पाणी कोणी भरले?' हा. नाव नको, मुलगा की मुलगी, वय, आणि त्या दिवशी शाळेला उशीर झाला का, एवढेच. हा रकाना गाळा, असे सुचवणारे भेटतील. तो गाळायचा नाही. नळ सकाळी सातला येत असेल आणि बाराव्या वर्षाची पोरच कळशी घेऊन उभी असेल, तर ती वहीत दिसली पाहिजे.

निष्कर्ष सोयीचा निघेलच असे नाही. पालिका कमी पाणी सोडते असे दिसले, तर टाळ्या पडतील. पण गल्लीच्या तोंडाशी मोटार लावलेल्या चार घरांमुळे शेवटच्या दहा घरांत धार बारीक होते, असे निघाले तर? त्या चारांतले एक घर शाळेच्या ट्रस्टीचे असले तर? मुलींनी तरीही तक्ता जसाच्या तसा विज्ञान प्रदर्शनात लावायचा आणि त्याची एक प्रत वॉर्ड ऑफिसच्या पाणीपुरवठा विभागात देऊन पोच घ्यायची. मुख्याध्यापकांनी त्या अर्जावर सही करायची.