आधी गळा, मग ठोका

सुटीत आपली मुले संगणकावर संगीत जुळवू लागली आहेत, याचे आम्हांस कौतुक वाटते. नवशिक्यास ‘ऑडॅसिटी’ पुरेशी आहे. २००० साली आलेली ही आज्ञावली आजही विनामूल्य मिळते. मात्र आरंभ तयार तालाच्या तुकड्यांनी न करता घरातील वडीलधाऱ्यांच्या गळ्याने करावा, असे आमचे मत आहे. संगीतरचनेच्या पुष्कळ आज्ञावली मिनिटास १२० ठोके आणि चार मात्रांचे आवर्तन गृहीत धरूनच उघडतात. आजीची जात्यावरची ओवी त्या चौकटीत बसत नाही, बसवूही नये. ठोका बंद करावा.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर असावा. पंखाही थांबवावा (वैशाखात इंदुरास ही शिक्षाच!). पडद्यावरील आवाजाची पट्टी शून्यास टेकू देऊ नये. तेथे शून्य हेच शिखर असते. त्यापलीकडे गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पूर्ववत् होत नाही. मूळ प्रत ‘वेव्ह’ स्वरूपातच जपावी. ‘एमपीथ्री’ जागा थोडी घेते खरी, पण त्यासाठी ध्वनीचा काही अंश कायमचा गाळते.

ओवीचे शब्द आजीसमोर बसूनच लिहून घ्यावेत. मध्येच एखादा माळवी शब्द आला, तर तो सुधारू नये.